विमानाची मॉड्युलर एव्हिऑनिक्स रॉकेटवर नेताना: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

विमानासाठी घडवलेला संगणक अवकाशात न्यायची कल्पना नवी नाही. स्पेस शटलचे एपी-१०१ संगणक आयबीएमच्या ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले संगणक बी-५२ आणि एफ-१५ विमानांतही होते. ओरायन यानाचा उड्डाण संगणक हनीवेलने बोइंग ७८७ साठी केलेल्या संगणकावरून बेतलेला आहे. तेव्हा "हे जमतं का?" हा प्रश्न केव्हाच मिटलाय. अडचण येते ती काय जसंच्या तसं घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवताना.

हा लेख एम्बेडेड सॉफ्टवेअर किंवा इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या, पण या कामात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी आहे. माझ्या मते विमानाकडून उचलण्यासारखी खरी गोष्ट म्हणजे पार्टिशनची, म्हणजे एकाच संगणकावरची कामं एकमेकांपासून काटेकोर वेगळी ठेवण्याची, शिस्त. डबा, तो थंड ठेवायची व्यवस्था आणि बिघाड झाल्यावर काय करायचं याचे नियम, हे सगळं विमानाच्या गरजेतून आलेलं असतं. रॉकेटवर त्यातली एकेक गोष्ट पुन्हा सिद्ध करावी लागते.

मुळात आयएमए म्हणजे काय

एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. जुन्या पद्धतीत दर कामाला वेगळा बॉक्स असे. त्याचा प्रोसेसर वेगळा, पॉवर सप्लाय वेगळा, वायरिंगही वेगळं. इंटिग्रेटेड मॉड्युलर एव्हिऑनिक्समध्ये, म्हणजे आयएमएमध्ये, एकाच दमदार संगणकावर अनेक कामं चालतात आणि प्रत्येकाला आपलं पार्टिशन मिळतं. पार्टिशनची हद्द मेमरीतही आखलेली असते आणि वेळेतही. एका पार्टिशनमधलं सॉफ्टवेअर कितीही बिघडलं तरी त्याला शेजाऱ्याच्या मेमरीत लिहिता येत नाही, शेजाऱ्याचा वेळही खाता येत नाही. याचे नियम एरिंक ६५३ या मानकात आहेत. १९९५ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७७७ मध्ये या विचाराचं ठळक रूप दिसलं, पुढे एअरबस ए३८० आणि बोइंग ७८७ मध्ये तो पक्का रुजला.

रॉकेटवाल्यांना यात रस का, तर वजन. वरच्या टप्प्यावर एक किलोची एव्हिऑनिक्स वाढली की उपग्रहाच्या वाट्याचा एक किलो गेला, इतका सरळ हिशेब आहे. आणि ते वजन बहुतेक वेळा बॉक्सपेक्षा त्यांना जोडणाऱ्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या जुडग्यांत, दडलेलं असतं.

पायरी १: गृहीतकांची यादी करा

कोड उघडण्याआधी, बोर्ड मागवण्याआधी एक तक्ता करा. पहिल्या रकान्यात विमानावर जे खरं होतं ते लिहा, दुसऱ्यात रॉकेटवर ते खरं आहे का, आणि तिसऱ्यात ते कोण आणि कशाने सिद्ध करणार. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच टाळलं जातं.

ते टाळल्यावर काय होतं हे ४ जून १९९६ रोजी एरियन ५ च्या पहिल्या उड्डाणात दिसलं. त्यात बसवलेली जडत्वीय संदर्भ प्रणाली (रॉकेटचा वेग आणि कोन मोजणारी) एरियन ४ वरून आणलेली होती, तिथे ती उत्तम चालत होती. तिच्यातलं एक अलाइनमेंटचं काम उड्डाणापूर्वीच उपयोगाचं, पण एरियन ४ च्या एका जुन्या गरजेपोटी ते उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राही. एरियन ५ ला त्या गरजेचा काही संबंधच नव्हता. नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच बराच जास्त होता, त्यामुळे ६४ बिटांचा एक फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावेना आणि सुमारे ३७ व्या सेकंदाला प्रोसेसर बंद पडला. राखीव युनिटमध्ये तंतोतंत तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे ते ७२ मिलिसेकंदांच्या एका चक्राआधीच बंद पडलेलं. मग बंद पडलेल्या युनिटने बसवर, म्हणजे उपकरणांना जोडणाऱ्या माहितीमार्गावर, टाकलेली निदानाची माहिती उड्डाण संगणकाने उड्डाणाचीच माहिती समजून वाचली आणि नोझल टोकापर्यंत वळवले.

चौकशीत आणखी एक तपशील पुढे आला. धोक्याची अशी सात चलं सापडली होती, पण संरक्षण दिलं गेलं चारांनाच. कारण प्रोसेसरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचं उद्दिष्ट होतं. बाकी तीन आकडे मर्यादेबाहेर जाणारच नाहीत, हा निष्कर्ष एरियन ४ च्या मार्गावर आधारलेला होता. तुमच्या तक्त्यातल्या ओळी या जातीच्या हव्यात: "हा आकडा या मर्यादेत राहतो, कारण अमुक." त्या कारणात विमान हा शब्द आला, की ती ओळ लाल शाईने रंगवा.

पायरी २: काय आत, काय बाहेर

नवशिक्यांना सगळंच एका संगणकात घालायचा मोह होतो. नेव्हिगेशन (आपण कुठे आहोत), गायडन्स (कुठे वळायचं), नियंत्रण, टप्पे विलग करायचा क्रम, टेलिमेट्री (जमिनीवर पाठवायची मोजमापं), इंधन टाक्यांच्या दाबाचं नियमन, हे सगळं पार्टिशनमध्ये जाऊ शकतं. पण रॉकेट भरकटल्यास ते नष्ट करणारी उड्डाण-समाप्ती यंत्रणा बाहेरच ठेवा. तिची बॅटरी वेगळी, तिचा मार्ग वेगळा. प्रक्षेपण तळाचे सुरक्षा नियमही तेच मागतात आणि माझ्या मते यात घासाघीस करूच नये. ज्या संगणकाच्या चुकीपासून जमिनीवरच्या माणसांना वाचवायचं, त्याच संगणकात तो निर्णय ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी मर्यादा रेषा वीज, ग्राउंडिंग आणि तडाखा यांची. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ वर उड्डाणानंतर ३६.५ आणि ५२ सेकंदांनी वीज पडली. यानातले फ्युएल सेल सुटे पडले, जडत्वीय प्लॅटफॉर्म बिघडला, धोक्याचे दिवे लागले. पण सॅटर्न ५ चं मार्गदर्शन वेगळ्या इन्स्ट्रुमेंट युनिटमध्ये होतं आणि ते शांतपणे रॉकेट चालवत राहिलं. पार्टिशन सॉफ्टवेअरच्या चुकीला अडवतं. एकाच पॉवर सप्लायवर आलेला तडाखा ते अडवू शकत नाही. म्हणून तार्किक विभागणी आणि भौतिक विभागणी यांचे दोन वेगळे नकाशे काढा. एका कागदावर काढले की गफलत होते.

पार्टिशन पाडताना संघाच्या रचनेप्रमाणे पाडू नका. "हे आमच्या गटाचं, ते त्यांच्या" अशी वाटणी सोयीची वाटते, पण पार्टिशनची हद्द बिघाडाच्या परिणामावरून ठरायला हवी. टेलिमेट्री गेली तर मोहीम चालू राहते, नियंत्रण गेलं तर संपते. ही दोन कामं कधीही एका पार्टिशनमध्ये नकोत.

पायरी ३: वेळापत्रक मांडा

इथे जरा थांबू, कारण आयएमए रॉकेटवर चालणार की नाही हे बरंचसं इथेच ठरतं.

एरिंक ६५३ मध्ये वेळेची वाटणी आधीच ठरलेली असते आणि तेच चक्र पुन्हा पुन्हा फिरतं. रेल्वेच्या वेळापत्रकासारखं समजा: गाडी रिकामी असली तरी तिच्या वेळेला रूळ तिचाच. नियंत्रणाचं चक्र २० मिलिसेकंदांचं धरू, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. त्यात सेन्सर वाचायला १ मिलिसेकंद, नेव्हिगेशनला ३, नियंत्रण आणि नोझलच्या आज्ञेला ४, टप्पे विलग करायच्या क्रमाच्या पार्टिशनला २, गायडन्सला ३ आणि टेलिमेट्रीला १. एकूण १४. उरलेले ६, म्हणजे ३० टक्के, मोकळे. सुरुवातीच्या आराखड्यात एवढी मोकळीक ठेवाच. ती पुढे आपोआप संपते, कुणाला विचारतही नाही. गायडन्सचं गणित जड असतं, पण त्याचं उत्तर दर चक्राला लागत नाही, म्हणून ते तुकड्यातुकड्याने अनेक चक्रांत पुरं करायचं.

आता क्रम बघा. सेन्सर, नेव्हिगेशन, नियंत्रण असा क्रम असेल तर मोजमापापासून आज्ञेपर्यंत सुमारे ८ मिलिसेकंद लागतात. कुणी अनवधानाने नियंत्रणाचा खण नेव्हिगेशनच्या आधी टाकला, तर नियंत्रणाला मागच्या चक्राचं उत्तर मिळतं आणि जवळपास २० मिलिसेकंदांचा उशीर वाढतो. विमानात हे बऱ्याचदा खपून जातं. रॉकेट मात्र लांब, सडपातळ आणि लवचीक. त्याच्या वाकण्याची वारंवारिता ३ हर्ट्झ असेल तर २० मिलिसेकंदांच्या उशिराने फेजमध्ये २१.६ अंशांचा घाटा येतो. हिशेब सोपा आहे: ३६० गुणिले ३ गुणिले ०.०२. अर्ध्या हर्ट्झच्या सरळ डोलण्यासाठी तोच घाटा ३.६ अंश. साधारण ३० अंशांचं फेज मार्जिन (लूप अस्थिर होण्याआधी हाताशी असलेली मोकळीक) राखायची रीत आहे हे लक्षात घेतलं, की दोन खणांची अदलाबदल किती महाग पडते ते कळतं. वेळापत्रकाची फाइल बदलली की नियंत्रणवाल्या गटाची सही लागलीच पाहिजे, असा नियम पहिल्या दिवशीच करून टाका.

मल्टिकोर प्रोसेसर असेल तर सुरुवातीला एकच कोर वापरा. सामायिक कॅशे आणि मेमरी बसमुळे एका कोरवरचं काम दुसऱ्याचा वेळ खातं, आणि ते मोजून सिद्ध करणं विमान उद्योगालाही जड गेलंय.

पायरी ४: बस निवडा

तीन पर्याय समोर येतात. मिल-स्टँडर्ड १५५३बी जुनी, १ मेगाबिटची, एका कंट्रोलरखाली ३१ रिमोट टर्मिनल. सगळा संवाद कंट्रोलरच्या हुकमाने चालतो, म्हणून वेळ आधीच ठाऊक असते. एएफडीएक्स हे ए३८० मधून पुढे आलेलं इथरनेट, १०० मेगाबिटचं, दोन समांतर जाळ्यांवर तीच फ्रेम पाठवणारं. त्यात प्रत्येक व्हर्च्युअल लिंकला ठरावीक वाटा असतो आणि उशिराची कमाल मर्यादा सिद्ध करता येते. पण ती मर्यादा आहे, नेमकी वेळ नव्हे. फ्रेम कधी लवकर येते, कधी उशिरा, आणि नियंत्रणाच्या लूपला हा जिटर बोचतो. तिसरा पर्याय टाइम-ट्रिगर्ड इथरनेट. त्यात महत्त्वाच्या फ्रेमला ठरलेली घटका असते आणि बाकीची वाहतूक उरलेल्या जागेत चालते. ओरायन आणि एरियन ६ दोघांनी हा मार्ग धरला.

नव्या संघाने नियंत्रणासाठी १५५३बी आणि टेलिमेट्री, कॅमेरे वगैरेंसाठी इथरनेट अशी जोडी घेतली तर त्यात काही कमीपणा नाही. टाइम-ट्रिगर्ड जाळं घेणार असाल तर घड्याळं जुळवण्याचा भाग आधी शिकून घ्या. १० एप्रिल १९८१ रोजी शटलचं पहिलंच उड्डाण ठरल्या वेळेच्या सुमारे २० मिनिटं आधी थांबलं ते याच कारणाने. चार मुख्य संगणक सुरू होताना त्यांची वेळ राखीव पाचव्या संगणकाच्या अपेक्षेपेक्षा एका चक्राने सरकली होती, म्हणून पाचवा त्यांचं ऐकायलाच तयार नव्हता. असं घडण्याची शक्यता दर सुरुवातीमागे ६७ मध्ये १ इतकीच, त्यामुळे चाचण्यांत ते सापडलं नाही. संगणक पुन्हा सुरू केले आणि दोन दिवसांनी उड्डाण झालं. यावरून करायचं ते असं: संगणक सुरू करण्याची चाचणी रात्रभर, शेकडो वेळा आपोआप चालवत राहा आणि दर वेळेला सगळ्या घड्याळांतला फरक नोंदवा.

पायरी ५: बिघाडाचे नियम नव्याने लिहा

एरिंक ६५३ मध्ये हेल्थ मॉनिटर असतो. कोणती चूक झाली तर काय करायचं, याचा तक्ता त्याच्याकडे असतो: दुर्लक्ष करा, प्रोसेस थांबवा, पार्टिशन पुन्हा सुरू करा, अख्खं मॉड्यूल बंद करा. विमानातून आलेला तक्ता बहुधा म्हणतो की शंका आली तर बंद करा. तिथे ते बरोबर आहे. दुसरा संगणक आहे, वैमानिक आहे, खाली धावपट्टी आहे. हवेच्या कमाल दाबातून जाणाऱ्या रॉकेटला थांबायची सोयच नाही, आणि पार्टिशन पुन्हा सुरू होईपर्यंत ते आडवं झालेलं असेल.

म्हणून तक्त्यातली दर ओळ उड्डाणाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी विचारा. जमिनीवर असताना आकडा ओसंडला तर उलटी गणती थांबवा. हवेत तोच आकडा ओसंडला तर कमाल मर्यादेला बांधून ठेवा, झेंडा लावा आणि पुढे चला. आकडा जुना झाला असेल तर सॅम्पलिंग पोर्ट (एका पार्टिशनचा ताजा आकडा दुसऱ्याला वाचायला देणारी खिडकी) ते सांगतं, पण वाचणाऱ्याने तो वैधतेचा झेंडा बघितला पाहिजे. रिव्ह्यूमध्ये मी सगळ्यात आधी शोधतो ते हेच: पोर्ट वाचलंय आणि झेंडा तपासलेलाच नाही, अशी ओळ.

तीन संगणकांचं मतदान यादृच्छिक हार्डवेअर बिघाडावर उत्तम औषध आहे. तिघांत एकच सॉफ्टवेअर असेल तर तिघेही एकच चूक एकमताने करतील. सॉफ्टवेअर तीनदा वेगळं लिहिणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून निदान एक अगदी साधं राखीव पार्टिशन ठेवा. मुख्य गायडन्स गेलं तर आधी साठवलेल्या कोनांच्या तक्त्यावर उड्डाण चालू ठेवेल, इतकंच त्याचं काम.

पायरी ६: डबा

इथे विमानाचा वारसा सगळ्यात कमी उपयोगी. विमानातल्या उपकरणांच्या चाचण्यांचं मानक डीओ-१६०, त्यातली नेहमीची धक्क्याची चाचणी ६ जी, ११ मिलिसेकंदांची. टप्पे विलग करताना फुटणाऱ्या स्फोटक दुव्याजवळ पायरोशॉक, म्हणजे स्फोटाचा धक्का, हजारो जीपर्यंत जातो, तोही १० किलोहर्ट्झपर्यंतच्या वारंवारितेत. तिथे रिले आपोआप उघडतात, क्रिस्टल तडकतात. उपाय दोन: डबा स्फोटाच्या जागेपासून दूर, अनेक सांधे ओलांडून बसवा आणि रिलेच्या जागी सॉलिड-स्टेट स्विच वापरा. कंपनाचा अंदाज हवा असेल तर नासाच्या जीईव्हीएस मानकात हलक्या उपकरणांची सर्वसाधारण पात्रता पातळी १४.१ जी-आरएमएस आहे. तुमच्या रॉकेटवरच्या नेमक्या जागेची पातळी मात्र मोजूनच काढावी लागते.

थंड करण्याचा हिशेब हाताने करून बघा. विमानातला बॉक्स रॅकमधून फुंकलेल्या हवेवर जगतो. समजा बॉक्स ६० वॅट उष्णता टाकतो आणि त्याची ॲल्युमिनियमची चौकट ६ किलोची आहे. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तरी १० मिनिटांत तापमान सुमारे ७ अंशांनी वाढेल. म्हणजे पहिल्या टप्प्यासाठी चिंता नाही, चौकटच पुरेशी. पण वरचा टप्पा ३ तास तरंगत राहणार असेल तर हाच हिशेब १२० अंशांवर जातो, आणि मग चौकटीतून रॉकेटच्या सांगाड्यात उष्णता नेणारा वाहक मार्ग आणि तिथून ती बाहेर टाकायची सोय आखावीच लागते. प्रक्षेपण मंचावर तासन् तास चालू राहणारा बॉक्स लोक विसरतात. तिथे जमिनीवरून येणारा हवेचा किंवा नायट्रोजनचा झोत लागतो, आणि तो बंद पडला तर किती वेळ काढता येईल हेही माहीत हवं.

निर्वातात जाताना मधल्या उंचीवर विरळ हवेत ठिणगी पडायची भीती असते. हवेत ठिणगीसाठी निदान सुमारे ३२७ व्होल्ट लागतात, म्हणून २८ व्होल्टचा संगणक सुखरूप. नोझल वळवणाऱ्या विद्युत मोटरचा उच्चदाब पुरवठा आणि ट्रान्समीटर यांच्याकडे बघा. किरणोत्साराचा एकूण डोस काही मिनिटांच्या किंवा तासांच्या उड्डाणात नगण्य असतो. एका कणाने बिट उलटणं किंवा चिप लॅच-अपमध्ये जाणं (आतल्या आत शॉर्ट होऊन अडकणं) मात्र एका क्षणात होतं. मेमरीला ईसीसी (उलटलेली बिट ओळखून दुरुस्त करणारी सोय) आणि पुरवठ्याला विद्युतप्रवाहाची मर्यादा घालणारं सर्किट, या दोन गोष्टींवर काटकसर करू नका.

पायरी ७: कागदपत्रं आणि चाचण्या

विमानातल्या सॉफ्टवेअरच्या डीओ-१७८सी या मानकाखाली मंजूर झालेलं सॉफ्टवेअर रॉकेटवर आपोआप मंजूर होत नाही. ती मंजुरी त्या विमानातल्या वापरापुरती असते. पुरावे मात्र कामाला येतात: गरजांपासून चाचण्यांपर्यंतचा माग, कव्हरेजचे (चाचण्यांत किती कोड चालून गेला त्याचे) निकाल, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पार्टिशनची सिद्धता. २००५ चं डीओ-२९७ आयएमए टप्प्याटप्प्याने स्वीकारण्याची रीत सांगतं, आधी मॉड्यूल, मग एकेक ॲप्लिकेशन, मग एकत्र. ती रीत उचला. युरोपीय अवकाश संस्थेच्या आयएमए-एसपी प्रकल्पानेही हीच दिशा घेतली, अवकाशासाठीच्या लिऑन प्रोसेसरवर झट्राटम, पाइकओएस आणि एअर यांसारखे पार्टिशन करणारे थर चालवून.

चाचणीत खऱ्या बॉक्सला खऱ्या मार्गाचे आकडे द्या, त्यातही टोकाचे: जोराचा वारा, एक इंजिन कमी जोराने, कोसळण्याच्या बेताला आलेला सेन्सर. एरियन ५ च्या संदर्भ प्रणालीला नव्या मार्गाच्या आकड्यांवर एकदा जरी चालवलं असतं तरी ती प्रयोगशाळेतच पडली असती.

पायरी ८: पहिलं उड्डाण प्रवासी म्हणून

जुनी एव्हिऑनिक्स असलेलं रॉकेट हाताशी असेल तर नवा संगणक आधी प्रवासी म्हणून उडवा. त्याला सेन्सरचे आकडे मिळतात, तो आपली आज्ञा काढतो, पण नोझलशी त्याची वायर जोडलेली नसते. प्रत्येक पार्टिशनला लागलेला कमाल वेळ, ईसीसीने दुरुस्त केलेल्या बिटांची वेळेसह नोंद, जुन्या झालेल्या पोर्टच्या झेंड्यांची मोजणी आणि चक्र घसरल्याचा प्रत्येक प्रसंग, एवढं टेलिमेट्रीत हवंच.

आकडे हातात आल्यावर नव्याची आणि जुन्याची नियंत्रण आज्ञा जुळत नाही म्हणून घाबरू नका. लूप नव्याच्या हातात नसल्यामुळे त्याचा इंटिग्रेटर (फरकाची बेरीज साठवत जाणारा भाग) हळूहळू वाहवत जातो आणि आज्ञा वेगळ्या दिसणारच. तुलना नेव्हिगेशनच्या उत्तरांची आणि वेळांची करा. आज्ञाच पडताळायच्या असतील तर जुन्याच्या इंटिग्रेटरचे आकडे दर चक्राला नव्याकडे पोचवावे लागतात, आणि त्या एका जादा जोडणीची परवानगी जुन्या गटाकडून बरीच आधी मागून ठेवा.